सरकारची गरज आणि रयतेचा होकार

चावडीच्या भिंतीवर डकवलेला भूसंपादनाचा जाहीरनामा दिसायला अगदी साधा असतो. गावाचे व तालुक्याचे नाव, गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये मांडलेले क्षेत्र, खातेदारांची नावे आणि या सर्वांच्या वर ‘सार्वजनिक प्रयोजनार्थ’ एवढे दोन शब्द. पुढे काही दिवसांनी संयुक्त मोजणीसाठी भूकरमापक, तलाठी आणि ज्या खात्याला जमीन हवी त्या खात्याचा माणूस असे तिघे शेतात येऊन उभे राहतात, झाडे मोजून त्यांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे घालतात, विहिरीची खोली आणि बांधकाम टिपून घेतात, गोठ्याच्या पत्र्यापासून पडवीच्या वाशापर्यंत सगळ्याची यादी करतात. आणि आजोबांनी लावलेल्या आंब्यावर ‘१७’ असा आकडा पडलेला पाहताना त्या घरातल्या माणसांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमगते की, जे आजवर आपले होते ते आपल्याला न विचारता दुसऱ्याचे होणार आहे. राज्यसंस्थेच्या सर्व अधिकारांत सामान्य माणसाच्या उंबऱ्याच्या इतक्या आत येणारा दुसरा अधिकार क्वचितच असेल. म्हणूनच त्या अधिकाराला मर्यादा कोणत्या, त्या कोणी घातल्या आणि त्यांतील कोणती मर्यादा प्रत्यक्षात टिकली, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

हा अधिकार सरकारला असूच नये, असे कोणी विचारी माणूस म्हणणार नाही. कालव्याचे पाट उताराच्या वाटेनेच न्यावे लागतात, रेल्वेचा मार्ग एका खातेदाराच्या बांधापाशी येऊन थांबू शकत नाही, आणि गावाला पाणी पुरविणाऱ्या तलावाची जागा निसर्गाने ठरविलेली असते. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने १६२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात राज्याच्या या श्रेष्ठ स्वामित्वाला नाव दिले, तेव्हा सार्वजनिक हित हवे आणि ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई हवी, या दोन अटीही त्याने लगोलग घातल्या. १७८९च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने त्यांत आणखी एका शब्दाची मोलाची भर घातली : भरपाई न्याय्य तर हवीच, पण ती आधी हवी. हेतू, दाम आणि रीत अशी या मर्यादांची त्रयी तेव्हापासून चालत आली आहे. आपल्या देशातील दोनशे वर्षांचा इतिहास या तीन कसोट्यांवर घासून पाहिला तर मला त्यातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते, आणि ती सांगण्यासाठीच हा आढावा आहे : हेतूची मर्यादा शब्दांत विरघळून गेली, दामाची मर्यादा घासाघीस होत होत वाढत गेली, पण घेण्याआधी विचारण्याची जी रीत, जी लहान खातेदाराची खरी ढाल आहे, तीच सरकारला सर्वांत जड वाटत आली आहे.

मराठेशाहीत मिरासदार, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार, सारा भरीत असेल तोवर त्याला त्याच्या शेतावरून उठवू नये असा दंडक होता, आणि एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यात मिराशी हक्काच्या या बळकटीची त्याने आवर्जून नोंद घेतली. अव्वल इंग्रजी अमदानीत संपादनाचा पहिला लेखी कायदा बंगालमध्ये १८२४ साली झाला. मुंबई बेटासाठी १८३९ साली स्वतंत्र कायदा आला. १८५७ साली साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी एक कायदा झाला. आणि या परंपरेचा कळस म्हणजे १८९४चा भूसंपादन अधिनियम, जो स्वतंत्र भारतातही २०१३ सालच्या अखेरपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत नांदत होता. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. चौथ्या कलमाची प्राथमिक अधिसूचना, सहाव्या कलमाची घोषणा, नवव्याची नोटीस, अकराव्याचा निवाडा, असा त्याचा क्रम होता. आणि प्रयोजन सार्वजनिक आहे असे सरकारने सहाव्या कलमाखाली एकदा जाहीर केले की तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानावा, असे कायद्याचे म्हणणे होते. ज्याला जमीन हवी त्यानेच प्रयोजन ठरवावे आणि त्याचे म्हणणे हाच पुरावा धरावा, हे या कायद्याचे मूळ सूत्र होय. मोबदल्याबद्दल भांडण्यास खातेदाराला कोर्टाची वाट होती. पण जमीन मुळात घ्यावी की न घ्यावी याविषयी कैफियत मांडण्याची जागा त्या कायद्यात पहिली एकोणतीस वर्षे नव्हतीच.

ही उणीव महाराष्ट्राने मुळशीत अनुभवली. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले, आणि कंपन्यांसाठीही जमीन घेण्याची सोय असलेल्या त्याच १८९४च्या कायद्याचा आधार घेऊन मावळ्यांची भातखाचरे संपादन करण्यात येऊ लागली. १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, तेथे सत्याग्रह सुरू झाला; पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली, आणि ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची प्रतिज्ञा ठरली. जवळजवळ तीन वर्षे चाललेल्या या लढ्यात पुरुषांबरोबर स्त्रियाही तुरुंगात गेल्या. अखेर धरण झाले, खाचरे बुडाली. पण या लढ्याने एक सत्य उघडे पाडले, जे पुढे प्रत्येक धरणावर पुन्हा पुन्हा दिसले : मुळशी पेट्यातील कितीतरी जमिनी सावकारांच्या नावे झाल्या होत्या, आणि पुण्यात राहणाऱ्या त्या कागदोपत्री मालकाला चांगला मोबदला मिळाला की त्याचे समाधान होत होते, चिखलात उभा राहून आवणी करणाऱ्या मावळ्याचे नुकसान मात्र पैशाने भरून येणारे नव्हतेच. दाम हा दप्तरातील नावाला मिळतो. जमीन ज्याच्या हातापायांत असते त्याचे नाव दप्तरात असतेच असे नाही. मुळशीचा लढा चालू असतानाच, १९२३ साली, कायद्यात ५-अ हे कलम आले आणि संपादनाविरुद्ध हरकत घेऊन सुनावणी मागण्याचा हक्क खातेदाराला प्रथमच मिळाला. या छोट्याशा कलमाचे मोल पुढे फार मोठे ठरले.

स्वातंत्र्य आले तेव्हा प्रश्नाने वेगळेच वळण घेतले. राज्याचा हा अधिकार ज्यांच्यावर चालवावयाचा होता ते आता प्रामुख्याने जमीनदार, तालुकदार आणि संस्थानिक होते, आणि ज्यांच्यासाठी चालवावयाचा होता ते कुळे आणि भूमिहीन होते. १० सप्टेंबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत मालमत्तेसंबंधीचे कलम मांडले ते या दुहेरी ओढीतूनच. पुढे १९५५च्या मार्चमध्ये राज्यसभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी या, म्हणजे घटनेतील एकतिसाव्या, कलमाचे पालकत्व स्पष्टपणे नाकारले. हे कलम नेहरू, पटेल आणि पंत यांच्यातील मतभेदांच्या तडजोडीतून जन्मले, आणि त्याची भाषा आपल्याला पाहवत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ती भाषा पुढे वारंवार बदलावी लागली. पश्चिम बंगाल सरकारने निर्वासितांच्या वसाहतीसाठी घेतलेल्या जमिनींचा मोबदला ३१ डिसेंबर १९४६च्या भावाने गोठवला, तेव्हा बेला बॅनर्जी खटल्यात १९५३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरपाई म्हणजे गेलेल्या वस्तूची यथार्थ किंमत. त्यावर १९५५च्या चौथ्या दुरुस्तीने भरपाई पुरेशी आहे की नाही हे पाहण्याचा न्यायालयांचा अधिकार काढून घेतला; १९७१च्या पंचविसाव्या दुरुस्तीने ‘भरपाई’ हा शब्दच पुसून तेथे ‘रक्कम’ हा शब्द घातला; आणि २० जून १९७९ पासून, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर काढून तो तीनशे-अ या कलमात केवळ घटनात्मक हक्क म्हणून ठेवण्यात आला.

या साऱ्या दुरुस्त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, मुंबई राज्यातील लक्षावधी कुळे कसत असलेल्या जमिनींची मालक मानली गेली, ती राज्याने जमीनदाराच्या हक्कावर हात टाकला म्हणूनच. कोकणातल्या खोताच्या वाड्यापुढे पिढ्यानपिढ्या वाकलेली मान त्या दिवशी ताठ झाली, आणि त्या पुण्याला कोणीही कमी लेखू नये. पण जे शस्त्र जमीनदारासाठी घडविले ते म्यानात परत गेले नाही. जमीनदार संपले, आणि तेच शस्त्र पुढे त्याच कुळाच्या मुलाच्या चार एकरांवर चालू लागले. १९६४च्या सतराव्या दुरुस्तीने, कमाल मर्यादेच्या आतील आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीला बाजारभावाहून कमी मोबदला देता येणार नाही, अशी तरतूद केली, ती घटनेतील या धोक्याची एक उशिरा आलेली जाणीवच म्हटली पाहिजे.

आता हेतूची मर्यादा पाहू. ती कशी विरत गेली याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६२च्या सोमावंती खटल्यात आहे. शीतकरणाची यंत्रे बनविणाऱ्या एका खासगी कारखान्यासाठी पंजाब सरकारने जमीन घेतली होती. खर्च कंपनी करणार होती, पण सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारी तिजोरीतून काही तरी खर्च व्हावा अशी कायद्याची अट होती, म्हणून सरकारने शंभर रुपये मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तेवढे पुरेसे मानले. शंभर रुपयांनी खासगी गरज सार्वजनिक होते, असे एकदा ठरल्यावर हेतूच्या मर्यादेत उरले काय? अमेरिकेतही २००५ साली केलो खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी असाच निर्णय झाला. शहराचे उत्पन्न वाढेल म्हणून घरे घेतली गेली, पण ज्या विकासासाठी ती घेतली तो झालाच नाही आणि जागा ओसाड पडून राहिली. आपल्याकडे या प्रवाहाला थोडा बांध पडला तो अलीकडे, आणि तोही मुंबईच्या एका खटल्यामुळे. उपकरप्राप्त जुन्या चाळी भाडेकरूंच्या सहकारी संस्थांसाठी मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादन करण्याची तरतूद म्हाडाच्या कायद्यात १९८६ साली आठ-अ प्रकरणाने झाली होती. तिच्याविरुद्ध मालक १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पाच, सात, नऊ अशी न्यायमूर्तींची संख्या वाढत जाऊन अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. वस्तूचे स्वरूप, तिची दुर्मिळता, मूठभरांच्या हाती झालेले तिचे केंद्रीकरण आणि समाजावर होणारा परिणाम पाहूनच ते ठरवावे, असे बहुमताने सांगितले. घटनेच्या एका कलमापुरताच हा अर्थ आहे. तरीही ‘सार्वजनिक’ या शब्दाला काठ आहेत, एवढे त्याने मान्य केले.

दामाची कथा निराळी आहे. बाजारभाव ठरविताना जुन्या कायद्याखाली आजूबाजूची खरेदीखते पाहिली जात, आणि मुद्रांकशुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखविण्याची रीत सर्वत्र असल्याने निवाड्यातील भावही त्या खोट्या आकड्यावर बेतला जाई. मग वाढीव मोबदल्यासाठी अठराव्या कलमाखालील अर्ज. आणि येथे कायद्याने एक असा बारीक काटा ठेवला होता, ज्यात शेकडो अडाणी खातेदार अडकले. मोबदल्याची रक्कम उचलताना पावतीवर ‘हक्क राखून’ असे लिहिले नाही, तर वाढीव मागण्याचा हक्क जाई. मुलीचे लग्न तोंडावर आलेला माणूस कचेरीच्या टेबलापाशी उभा आहे, अंगठा उठवायचा आहे, आणि त्याच्या हक्काचे सारे भवितव्य त्या दोन शब्दांवर टांगलेले आहे; ते शब्द लिहायला सांगणारे कोणी जवळ असेल तर तो तरला, नसेल तर बुडाला. १९८४च्या दुरुस्तीने, शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिले तर अर्ज न केलेल्यालाही तीन महिन्यांत तसाच भाव मागता येईल अशी सोय केली, आणि सक्तीबद्दलची दिलासा रक्कम शेकडा पंधरावरून तीसवर नेली. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३च्या नव्या कायद्याने दिलासा शेकडा शंभर केला आणि ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक लावला. त्यामुळे खेड्यातील जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो. हे मोठेच पाऊल आहे.

पैशाच्या पलीकडच्या मोबदल्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला, हे अभिमानाने नोंदविले पाहिजे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा करणारे हे पहिले राज्य. १९७६चा तो कायदा कोयना आणि इतर धरणांच्या धरणग्रस्तांच्या वनवासातून उगवला. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादन झाल्या, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले. आणि त्यातूनच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकाला परत देण्याचे सूत्र जन्मले. जमिनीची किंमत वाढविणाऱ्या शहरात जमीन देणाऱ्यालाही वाटा असावा, ही कल्पना देशभर अनुकरणीय ठरली. पण ती गोळीबारानंतर सुचली. २०११च्या ऑगस्टमध्ये, मावळात पवनेच्या बंद जलवाहिनीच्या प्रश्नावर, पुन्हा तीन माणसे गोळीबारात गेली. पाणी, रस्ता, शहर, यांतले कोणतेही प्रयोजन हलके नव्हते; उणे होते ते आधी बसून ऐकण्याचे.

येथे रीतीची मर्यादा समोर येते. पश्चिम बंगालमधील सिंगूरचा खटला या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मोटारींच्या कारखान्यासाठी २००६ साली घेतलेली सुमारे हजार एकर जमीन ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना परत देवविली. प्रयोजन सार्वजनिक होते की नाही याबद्दल दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, पण शेतकऱ्यांच्या हरकतींची सुनावणी कायद्याप्रमाणे झाली नाही, यावर दोघांचेही एकमत होते. हेतूची भिंत जेथे ढासळली तेथे १९२३च्या त्या छोट्या कलमाने खातेदाराला तारले. १६ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या एका खटल्यात न्यायालयाने तीनशे-अ कलमाच्या पोटी सात हक्क दडलेले असल्याचे सांगितले : सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, वक्तशीर कार्यवाही आणि तिची अखेर. सातांपैकी पाच हक्क रीतीचे आहेत. आणि रीत सोडली की सरकार कोणत्या थराला जाऊ शकते, हे हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर वृद्धेच्या खटल्यात दिसले : १९६७-६८ साली रस्त्यासाठी तिची जमीन कोणतीही कार्यवाही न करता घेतली गेली, आणि पुढे न्यायालयात राज्याने असे म्हणण्याचे धाडस केले की, इतक्या वर्षांच्या प्रतिकूल कब्जाने ती आमचीच झाली आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळून तिला भरपाई देवविली. राज्याने आपल्याच रयतेच्या जमिनीवर घुसखोराचा हक्क सांगावा, याहून लाजिरवाणे काय असेल?

२०१३च्या कायद्याने रीतीला मानाचे स्थान दिले. सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, गावात जनसुनावणी, खासगी कंपनीसाठी ऐंशी टक्के व सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती, बागायती जमीन अखेरचा उपाय म्हणूनच घेण्याचा दंडक, हे सारे त्यात आले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे यांच्यासह तेरा कायदे वगळलेले होते. त्यांना पुढे नव्या कायद्याचा मोबदला लागू झाला, मूल्यांकन आणि संमती मात्र लागू झाली नाही. २०१४च्या अखेरीस निघालेला, दोनदा नव्याने काढलेला आणि ऑगस्ट २०१५ अखेर मावळलेला अध्यादेश याच दोन गोष्टींतून आणखी प्रकल्पांना मोकळे करू पाहत होता; केंद्रात तो टिकला नाही, पण महाराष्ट्राने २०१८च्या दुरुस्तीने काही वर्गांतील प्रकल्पांना तशी सूट देण्याची सोय करून घेतली. समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीन थेट खरेदीने, खातेदारांशी बोलून घेतली गेली, हे शुभलक्षण खरे. पण सक्तीचा कायदा पाठीशी उभा असताना झालेल्या सौद्यातील होकार कितपत मोकळा असतो, याचा विचार सौदा करणाऱ्या अधिकाऱ्यानेही करावा.

या सर्वांचा मेळ घातला तर निष्कर्ष चुकत नाही. दाम वाढविण्यास सरकार हळूहळू तयार झाले; विचारण्यास ते अजून मनापासून तयार नाही. विचारण्याला वेळ लागतो, आणि विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. २००८च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल कौल घेतला गेला, तेव्हा शेतकरी रांगा लावून, आपापले खातेउतारे घेऊन आले. एवढ्या गंभीरपणे उत्तर देणाऱ्या माणसांना प्रश्न विचारण्याची भीती राज्याने का बाळगावी? सुनावणी ही संपादनातील अडचण मानण्याऐवजी तिच्याकडे प्रयोजनाची परीक्षा म्हणून पाहिले, तर ज्या प्रकल्पात खरे लोकहित आहे तो त्या परीक्षेत सहसा नापास होणार नाही.

शेवटी कायद्यातल्या एकाच शब्दाकडे लक्ष वेधतो. घेतलेली जमीन पाच वर्षे वापराविना पडून राहिली तर ती मूळ मालकाला वा त्याच्या वारसांना परत द्यावी, असे २०१३च्या कायद्याचे एकशे एकावे कलम सांगते. पण तेथेच पुढे ‘किंवा’ आहे : किंवा सरकारच्या भूमिपेढीत जमा करावी. यांतले काय करावयाचे, हे मालकाला विचारण्याची अट तेथे नाही. ज्या प्रयोजनासाठी आंब्यावर आकडा पडला ते प्रयोजन नाहीसे झाल्यावरही त्या जमिनीचे काय व्हावे हे सांगण्याचा हक्क तिच्या धन्याला नसावा, ही त्या ‘किंवा’ची किंमत आहे. मुळशीच्या मावळ्यांनीही ‘किंवा’ हाच शब्द उच्चारला होता, आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले होते. त्यांची आठवण ठेवून कायद्यातला हा ‘किंवा’ आपण काढून टाकला, तर शंभर वर्षांनी का होईना, त्यांना विचारल्यासारखे होईल.